उपचार संपल्यानंतर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका पालक भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. कन्येच्या इच्छेनुसार कुटुंबाची नावे दिलेली नाहीत. – संपादक)

न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल सोहळा. अशा प्रसंगी विद्वानांनी बोलावे, माझ्यासारख्या माध्यमिक शाळेतील शिक्षिकेने ऐकावे, हा खरा क्रम. परंतु कार्यवाहांनी आग्रह केला आणि विषय दिला, 'कर्करोगावर मात'. त्यांची अनुमती घेऊन मी तो थोडा बदलून घेतला आहे. आमच्या घरी मात झाली ती २००९ साली, आणि तिची कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेली आहे. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे आम्ही कशी जगलो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

तरीही पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे भाग आहे. २००८ चा पावसाळा. मुलगी सात वर्षांची, इयत्ता दुसरीत. सकाळी उठताच उलटी होई, मग दिवसभर बरे वाटे. कोणी जंताचे औषध दिले, कोणी पित्ताचे, कोणी चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाले. पुढे ती भिंतीला हात लावून चालू लागली. मिरजेत स्कॅन झाले आणि त्याच आठवड्यात आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली. लहान मेंदूत गाठ होती, मेड्युलोब्लास्टोमा नावाची. शस्त्रक्रिया झाली, मग सहा आठवडे मेंदू व पाठीच्या कण्याला किरणोपचार आणि त्यानंतर कित्येक महिने केमोथेरपी. सकाळची उलटी, डोकेदुखी आणि तोल जाणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर विलंब करू नये, एवढे येथे बसलेल्या प्रत्येक आजी-आजोबांनी कृपया लक्षात ठेवावे. आमचे अडीच महिने त्यात गेले.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली. तिसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः चारांतील एका मुलाच्या बाबतीत असे घडते आणि वाचा बहुधा हळूहळू परत येते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आमच्या घरी ती परत यायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे माझ्या सासूबाई तिच्या उशाशी बसून रोज णमोकार मंत्र म्हणत, आणि म्हणून झाला की तिला विचारीत, "आता काय खाणार, बाळा?" उत्तर येत नसे, तरी विचारीत.

सासूबाईंविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांचा रात्रिभोजनत्याग चाळीस वर्षांचा होता आणि कंदमुळाला त्यांचा हात लागत नसे. केमोथेरपीच्या दिवसांत मुलीला दिवसभर अन्नाचा वास सहन होत नसे आणि रात्री दहा-साडेदहाला एकाएकी भूक लागे. धर्मशाळेच्या त्या खोलीत स्टोव्ह पेटवून सासूबाई तिला खिचडी करून घालीत. एकदा तिने उकडलेला बटाटा मागितला, तोही त्यांनी स्वतः सोलून दिला. शेजारच्या खोलीतील एका श्राविकेने आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "व्रत माझं हाय. पोरीच्या पोटाचं न्हवं." स्वतः त्या मात्र सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नसत. अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना का केली आहे, हे मला त्या खोलीत समजले. (आणखी एक गंमत. पाणी गाळून, उकळूनच प्यावे अशी सूचना रुग्णालयातील परिचारिका सर्व पालकांना पुनःपुन्हा देत. आमच्याकडे येऊन त्या म्हणत, तुम्हाला सांगायला नको!)

नोव्हेंबर २००९ मध्ये उपचार पूर्ण झाले. आम्ही घरी आलो. पेढे वाटले. आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

गाठ गेली, परंतु गाठीने व उपचारांनी काही गोष्टी नेल्या होत्या. तोल पूर्ववत झाला नाही. आजही ती जिना कठड्याला धरून चढते. सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाने जीव वाचवला आणि कानांतील उंच स्वर नेले. हे बहिरेपण मोठे फसवे असते. हाक मारली की ती वळते, म्हणून लोकांस वाटते की ऐकू येते. प्रत्यक्षात तिला स्वर ऐकू येतात. 'स', 'श', 'च', 'त' ही व्यंजने गळून पडतात. 'साखर' म्हटले तर मधले काहीतरी कानावर पडे आणि उरलेले ती ओठांवरून ओळखी. किरणोपचारांमुळे उंची खुंटली, थायरॉइडची गोळी कायमची आली. आणि बुद्धीचा वेग मंदावला. येथे मी शब्द जपून वापरीत आहे. वेग मंदावला, बुद्धी गेली नाही. आलेले ती विसरत नाही. नवे मात्र सावकाश येते. शिक्षिका असूनही हा भेद समजायला मला तीन वर्षे लागली आणि त्या तीन वर्षांत मी तिच्यावर पुष्कळदा रागावले आहे. ते मला परत घेता येत नाही.

घरात आणखी एक मूल होते. थोरला त्या वेळी पाचवीत होता. आम्ही त्याला इचलकरंजीला मावशीकडे ठेवले, चौदा महिने. मावशीने काही उणे पडू दिले नाही. आम्ही फोनवर त्याला धाकटीच्या रक्ताचे आकडे सांगत असू. त्याच्या चाचणी परीक्षेचे गुण विचारायचे राहून जाई. दहावीत असताना एका रात्री तो म्हणाला, "त्या वर्षी मला एकदा ताप आला होता. मला वाटलं, आता आपल्यालाही गाठ झाली असेल तर आई येईल." यावर मला काहीही बोलता आले नाही. आज जे पालक मला भेटतात त्यांना मी औषधांविषयी नंतर सांगते. घरी ठेवलेल्या दुसऱ्या मुलाला महिन्यातून एकदा तरी रुग्णालयात आणा, त्याला सारे दाखवा, हे आधी सांगते.

आता बाहेरच्या जगाकडे वळते. जून २०१० मध्ये आम्ही तिला पुन्हा दुसरीत घालण्यास निघालो. तीन शाळांनी नकार दिला. नावे घेत नाही; त्यांतील एक आपल्याच समाजाची होती, एवढेच सांगते. कोणीही कठोर बोलले नाही. "तिलाच त्रास होईल हो," असे सर्वांनी अतिशय प्रेमाने सांगितले. चौथ्या शाळेतील वर्गशिक्षिकेने फक्त एक प्रश्न विचारला, "हिला कुठे बसवू?" पहिल्या बाकावर, खिडकीला पाठ करून बसवावे, म्हणजे प्रकाश शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. एवढीच सोय लागत होती. तिला खर्च नव्हता.

२०११ मध्ये अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न आला. ते चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक सवलती मिळत नाहीत. कानांचे तपासले, तीस टक्के. चालण्याचे तपासले, चोवीस टक्के. दोन्ही चाळीसच्या आत, म्हणून अर्ज निकाली. आम्ही घरी आलो आणि हे गप्प बसून राहिले. मी मात्र नियमांची पुस्तिका मिळवून वाचली. एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर ती स्वतंत्र धरायची नसतात. त्यांची सरळ बेरीजही करायची नसते. मोठा आकडा तसाच ठेवावा, तो नव्वदातून वजा करावा, येणाऱ्या साठाने लहान आकड्यास गुणावे व नव्वदाने भागावे. चोवीस गुणिले साठ भागिले नव्वद म्हणजे सोळा. तीस आणि सोळा, शेहेचाळीस. ते गणित एका कागदावर मांडून मी पुन्हा गेले. समोरच्या अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला आणि प्रमाणपत्र दिले. माझ्या सार्वजनिक कार्याचा, त्यास कार्य म्हणायचे असेल तर, प्रारंभ त्या कागदापासून झाला. त्यानंतर आजवर जिल्ह्यातील कितीतरी पालकांना मी तो कागद करून दिला आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि सर्वसामान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यावे, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तो कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. परंतु कायदा दारापर्यंत येतो, वर्गात त्याला कोणीतरी हात धरून न्यावे लागते. मार्च २०१९ मध्ये कन्येची दहावीची परीक्षा होती. तासामागे वीस मिनिटे वाढीव वेळ मंजूर होता, तसे पत्र केंद्रावर पोहोचले होते. तरी पहिल्याच दिवशी मूळ वेळ संपताच पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका काढून घेतली. ते काय म्हणाले हे तिला नीट ऐकूच आले नाही; तिला वाटले, आपलेच काही चुकले. पत्राची प्रत घेऊन मी बाहेर उभी होते म्हणून बारा मिनिटांनी उत्तरपत्रिका परत मिळाली. जिची आई बाहेर उभी नसते तिचे काय होत असेल?

सुखाची गोष्ट अशी की वाटा आता पुष्कळ आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या बालकांसाठी स्वतंत्र पाठपुरावा विभाग १९९१ पासून चालतो. बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये सुरू झाला. संपन्न देशांत आज कर्करोग झालेल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक बालकांचा जीव वाचतो. इतर देशांतही २०३० पर्यंत निदान साठ टक्के वाचावेत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. म्हणजे आमच्या मुलीसारखी मुले गावोगावी वाढत जाणार आहेत. ती वाचावीत म्हणून आपण सर्वांनी प्रार्थना केली. ती आल्यावर कुठे बसतील याचा विचार कोण करणार?

एका विषयाला स्पर्श करताना संकोच वाटतो, तरी करते. "पूर्वकर्म, दुसरे काय!" हे वाक्य आम्ही नातेवाइकांच्या तोंडून किती वेळा ऐकले याची गणती नाही. कर्मसिद्धान्त मी मानते. असातावेदनीय कर्माचा उदय म्हणजे काय, हे पाठशाळेत शिकले आहे. परंतु हा सिद्धान्त स्वतःच्या आत्म्याची झाडाझडती घेण्यासाठी दिलेला आहे. दुसऱ्याच्या सात वर्षांच्या मुलीवर निकाल देण्यासाठी नव्हे. ज्या परंपरेने अनेकान्त शिकवला त्या परंपरेतील माणसाने एका वाक्यात असा निवाडा करावा, याचे मला दुःख होते. बालकांचे बहुतेक कर्करोग आईवडिलांच्या कोणत्याही कृतीने होत नाहीत. दहांतील सुमारे एका मुलात जन्मजात जनुकीय कल असतो. आणि हा रोग संसर्गजन्य तर मुळीच नाही. आमच्या घरचे पाणी पिण्याचे ज्यांनी टाळले, त्यांना मी केव्हाच क्षमा केली आहे. पण त्यांनी हे ऐकावे असे वाटते.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. या न्यासाचे औषधदान आम्ही स्वतः घेतले आहे. २००८ च्या दिवाळीत मिळालेल्या धनादेशाने दोन महिन्यांची औषधे आली, हे ऋण मी येथे जाहीरपणे मान्य करते. अभयदान म्हटले की आपल्याला पांजरपोळ आठवते, जीवदया आठवते, आणि ते योग्यच आहे. शाळेत घेतील का, परीक्षेत वेळ देतील का, आपल्यानंतर हिचे कोण, या भयातून एखाद्या आईला सोडवणे हेही त्यातच बसते, असे माझे नम्र मत आहे.

त्या धनादेशाशी एक छायाचित्र जोडलेले आहे. केस गेलेली, मुखपट्टी लावलेली माझी मुलगी आणि धनादेश देणारे मान्यवर. पुढील वार्षिक अहवालात ते छापले गेले. त्या वेळी आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. २०१८ मध्ये न्यासाच्या ग्रंथालयात जुने अहवाल चाळताना ते तिला सापडले. घरी येऊन तिने विचारले, "आई, हा फोटो छापताना मला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटले, तू लहान होतीस. ती म्हणाली, "बोलता येत होतं मला तेव्हा." या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडली जात आहेत असे कळल्यावर तिने स्वतः संपादकांना पत्र लिहिले, माझ्या नकळत. ते छायाचित्र वगळण्याचे त्यांनी मान्य केले, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. यापुढे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही बालकाचे छायाचित्र न छापण्याचा ठराव विश्वस्तांनी करावा, अशी तिची विनंती मी आज येथे मांडते.

ती येथेच, पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून मी इतका वेळ मान वर ठेवून बोलते आहे. बी. ए. तिने मुक्त विद्यापीठातून पूर्ण केले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिला पाच वर्षे पुरला. तिच्या लग्नाचे काय, असे मला अनेकजणी विचारतात. तिलाच विचारा, समोर उभ्या राहून, सावकाश.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. आम्हा पालकांची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होते आणि न्यासाने त्यासाठी वरचे सभागृह विनामूल्य दिले आहे. त्यास बावीस पायऱ्या आहेत. आमच्यातील दोन मुले चाकाच्या खुर्चीवर येतात, म्हणून आम्ही खाली अंगणात सतरंजी घालतो; पावसाळ्यात बैठक होत नाही. तळमजल्यावरील कोपऱ्याची खोली जुन्या भांड्यांनी भरलेली आहे. ती रिकामी करून देण्याचा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. भांडी हलवायला आम्ही सर्व पालक येऊ.