रोजच्या कामातली प्रार्थना



चालक भगिनींनी मला सांगितले की, तुम्ही ख्रिस्ती आहात, तर तुमच्या घरी प्रार्थना कशी चालते त्यावर चार शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाळकसाहेबांसारखे शास्त्र उलगडून सांगणे मला जमायचे नाही. पण घरच्या रामरगाड्यात प्रार्थना कुठे बसवायची, हे पाळकसाहेबांपेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक, म्हणून उभी राहिले आहे.

आपले गाव मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या वाटेवरचे. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी सकाळी तुळशीला पाणी आणि सांजेला हरिपाठ असतो. आज सवड आहे का, असे कोणी तुळशीला विचारत नाही. आमच्याकडे मात्र पुष्कळ घरी असे झाले आहे की, प्रार्थना म्हणजे रविवारची उपासना, नाही तर मग पोरगा आजारी पडला किंवा परीक्षा आली म्हणजे देवाकडे केलेला अर्ज. त्यात आपल्या सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारीच. खिलार बैल घेऊन माणसे पहाटेच बाजार गाठतात. ज्याचे पोट बाजारावर आहे त्याचा रविवार तिकडेच जातो. अशा घरी सहा दिवसांत देवाचे नाव निघाले नाही, तर सातव्या दिवशीही निघत नाही.

शास्त्रात दानिएलाची गोष्ट आहे. परमुलखात राहणारा, राजाच्या दरबारी मोठ्या कामावर असलेला माणूस. राजाने प्रार्थनेला बंदी केली तरी यरुशलेमेकडची खिडकी उघडून तो दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे, आणि शास्त्र सांगते की, पूर्वीही तो असेच करीत असे. बंदी आली म्हणून त्याने नवे काही केले नाही, हे मला फार आवडते. प्रभू येशूही पहाटे अंधार असतानाच उठून एकांती जात. आपल्या खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा, असे त्यांनी शिकविले. आता दोन खोल्यांच्या घरात, एकीकडे सासूबाईंचे अंथरूण आणि दुसरीकडे मुलांची दप्तरे, दार लावायचे कुठले? इंग्लंडात सुझाना वेस्ली नावाची एक बाई होऊन गेली. मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीची ती आई. तिला एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. असे सांगतात की, प्रार्थना करायची झाली म्हणजे ती आपला एप्रन डोक्यावरून तोंडावर ओढून बसे, आणि मुले समजत की आता आईला हाक मारायची नाही. आपल्याला तर पदर आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर चहाचे आधण ठेवण्यापूर्वी मी पाच मिनिटे बसते. ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी हे चुकते, कारण पाणी थांबत नाही. म्हणून दुसरी सोय भाकरीची. एकेक भाकरी थापताना एकेका माणसाचे नाव घ्यायचे. घरातली माणसे संपली की शेजारी, मग आजारी कोण असेल ते. हे सोपे वाटते, पण करून पाहा. जिच्याशी काल नळावर तोंड वाजले तिचीही भाकरी येते. मंदिरात अर्पण आणले आणि भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे. रोज प्रार्थना करणारीला अबोला फार दिवस धरता येत नाही. तोंड तरी बंद ठेवावे लागते, नाही तर प्रार्थना. मला वाटते, रोजची प्रार्थना टाळण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते; वेळ नाही, हे नुसते सांगण्यापुरते.

रात्री जेवणे झाली की सगळे मिळून दहा मिनिटे. एक गीत, शास्त्रातल्या चार ओळी, कोणीतरी एकाने प्रार्थना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथे. गीत आधी घ्यावे, म्हणजे मुले टिकतात. रेव्हरंड टिळकांनी आपल्याला अभंग-ओवीच्या वळणाची गीते दिली, ती तोंडात बसतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तेव्हा शेजारणींनी आमच्या गीतांना परके मानू नये. लांबलचक प्रार्थना मात्र घरात नको. त्यात पोरे झोपतात आणि मोठी माणसे एकमेकांना टोमणे मारून घेतात!

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथले मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचे. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारले, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरजणी पुढे आल्या. पुढे त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या. त्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या किती तरी मुली होत्या. दळण, स्वयंपाक, विणकाम हे सगळे सांभाळून त्या बसत. जूनअखेर तिथे मोठे जागरण झाले, मुली रडून पापे कबूल करू लागल्या, त्याची वार्ता देशोदेशी गेली. लोक जूनचेच सांगतात. मला जानेवारी ते जून हे दिवस जास्त मोलाचे वाटतात. तेव्हा वार्ता होण्याजोगे काहीच घडत नव्हते, तरी बाया वेळेवर येऊन बसत होत्या.

२०२० साली टाळेबंदी आली. चर्चला कुलूप लागले. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा त्या आषाढीला एस. टी.ने पंढरपुरी आल्या. तेव्हा ज्यांच्या घरी रोजची सवय होती त्यांना रविवार फार सुना गेला नाही.

आता एक अवघड गोष्ट. २०१८ साली पावसाने दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात चाऱ्याच्या छावण्या उघडाव्या लागल्या, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही रोज रात्री पावसासाठी मागत होतो. एके रात्री धाकट्याने विचारले, आई, रोज मागतो, मग देव देत का नाही? मला उत्तर आले नाही, आणि आजही माझ्यापाशी ते नाही. हेही गप्प बसले. सासूबाईंनी मात्र डोळे मिटले, छावणीतल्या आमच्या दोन्ही गायींची नावे घेतली, दुपारी आलेल्या टँकरबद्दल उपकार मानले आणि पाऊस मागितला, आदल्या रात्री मागितला होता तसाच. धाकट्याने आमेन म्हटले. सकाळी वैरणीचा नंबर लावायचा होता, म्हणून आम्ही लवकर निजलो.