लॉस एंजेलिसच्या पदपथावरील कारापूर

पूर्वी संसाराची ओझी उतरली म्हणजे मराठी गृहस्थ सपत्नीक काशीयात्रेस निघत असे. परतल्यावर गंगोदकाचे गडू सोयऱ्याधायऱ्यांत वाटले जात, मावंदे होई, आणि यात्रा सुफळ झाली असे मानले जाई. आता या यात्रेला आणखी एक दिशा लाभली आहे. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली असते, नातवंड रांगू लागलेले असते, आणि निवृत्तिवेतन सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष लोटले की पुण्याचे, नागपूरचे किंवा बेळगावचे एखादे दांपत्य लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरते. सामानात मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला असतो. पहिला आठवडा दिवस-रात्रीचा हिशोब जुळविण्यात जातो. मग एखादा शनिवार-रविवार पाहून मुले आईबापांना शहर दाखविण्यास बाहेर काढतात.

हे शहर दाखविणे मोठे कठीण. १७८१ मध्ये अवघ्या चव्वेचाळीस माणसांनी वसविलेल्या या वस्तीत आज सुमारे ३९ लाख लोक राहतात. परंतु जेथे उभे राहिले असता 'आलो बुवा गावात' असे वाटावे, असा चौक तेथे सहसा सापडत नाही. मोटारीवाचून पाऊल टाकता येत नाही. यजमान खिडकीतून मैलांचे आकडे वाचीत बसतात आणि सौभाग्यवतींना, रस्त्याने पायी चालणारे माणूस दिसत नाही याचेच नवल वाटत राहते. टेकडीवर 'हॉलिवुड' ही प्रचंड पांढरी अक्षरे दिसतात. ती एखाद्या देवस्थानाच्या कळसासारखी लांबूनच दाखविली जातात; पण १९२३ मध्ये ती तेथे उभी राहिली ती घरांच्या भूखंडांची जाहिरात म्हणून. मूळ शब्दाच्या शेवटची चार अक्षरे १९४९ मध्ये काढून टाकली, आणि जाहिरात होती ती शहराची खूण झाली. जवळच ग्रिफिथ वेधशाळा आहे, १९३५ मध्ये सुरू झालेली. तिच्या गच्चीवरून संध्याकाळी खाली दिव्यांचा सागर पसरलेला दिसतो. या शहरात खरोखर पाहण्यासारखे जे काही आहे, त्यात या दृश्याचा क्रम वरचा लागेल.

पुढचा दिवस चित्रपटांच्या कारखान्यासाठी राखलेला असतो. 'युनिव्हर्सल' कंपनीने १९६४ पासून आपला चित्रनिर्मितीचा परिसर गाडीत बसवून दाखविण्याचा उद्योग आरंभिला, तो आजही जोरात चालू आहे. गाडी एका रस्त्याने जाते तो रस्ता न्यूयॉर्कचा. वळते ती युरोपातल्या एखाद्या जुन्या गावात. घरांना दारे आहेत, खिडक्यांना पडदे आहेत. पण गाडी मागच्या अंगाने वळली की कळते, भिंतीमागे घर नाही, नुसते लाकडी टेकू आहेत. नाटकवेड्या मराठी माणसाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. पडद्यावर रंगविलेला राजवाडा त्याने लहानपणापासून पाहिलेला आहे.

त्यानंतर येतो तो प्रसिद्ध पदपथ. हॉलिवुड बुलेव्हार्ड या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस फरसबंदीत गुलाबी तारे बसविले आहेत आणि प्रत्येक ताऱ्यात पितळी अक्षरांत एकेका कलावंताचे नाव आहे. १९६०च्या सुमारास सुमारे दीड हजार नावांनी या प्रकारास प्रारंभ झाला. आज ती संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली आहे. थोर माणसाचे नाव पायाखाली लिहावयाचे, ही कल्पना आपल्या संस्कारांना जराशी खटकते. बहुतेक दांपत्ये चॅप्लिनचा तारा शोधतात, मरिलिन मन्रोच्या ताऱ्याजवळ छायाचित्र काढून घेतात आणि पाय दुखू लागल्यामुळे मोटारीकडे वळतात. याच पदपथावर एका ताऱ्यात तीन-चारच अक्षरांचे एक नाव आहे: साबू. ते ओलांडून रोज शेकडो माणसे जातात. त्यांत भारतीयही असतात; आणि हे नाव आपल्या मुलखातल्या एका खेड्यातून तेथे गेले, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

ते खेडे म्हणजे कारापूर. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर हेग्गडदेवनकोटे नावाचे तालुक्याचे ठिकाण आहे. एवढे लांबलचक नाव कचेरीच्या कागदांवर मावेना म्हणून की काय, सारे जग त्याला एच. डी. कोटे म्हणते. तेथून केरळच्या वायनाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, कबिनी नदीच्या काठी, कारापूर आहे. पलीकडे काकनकोट्याचे अरण्य. हत्तींसाठी हे रान शतकानुशतके ख्यात. हैदरअलीने येथे हत्ती कोंडून धरण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि पुन्हा कोणी या भानगडीत पडू नये म्हणून त्याने शापवाणी कोरून ठेवली, अशी आख्यायिका आहे. त्या शापाला न जुमानता जॉर्ज सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ मध्ये म्हैसूर संस्थानात चामराजनगरजवळ पहिला यशस्वी खेड्डा केला. पुढे हेच तंत्र काकनकोट्यात आले.

खेड्डा म्हणजे हत्तींचा अख्खा कळप वेढून कोंडवाड्यात आणण्याची पद्धत. शेकडो हाकारे ढोल बडवीत, पलिते पेटवीत कळपाला हळूहळू नदीकडे रेटीत. काकनकोट्याचे वैशिष्ट्य हे की, कळपाला कबिनीच्या पात्रातून पार करवीत. माद्या पिलांना सोंडेने सावरीत पोहत, आणि मागून पाळीव हत्तींची रांग त्यांना परतू देत नसे. पैलतीरी ओंडक्यांचा कोंडवाडा असे. त्याचे दार वरून कोसळले की खेळ संपला. खरे जिवावरचे काम त्यानंतर सुरू होई. पाळीव कुमकी हत्तींच्या आडोशाने माणसे आत शिरत आणि पिसाळलेल्या जनावराच्या मागल्या पायांत दोर अडकवीत. हे काम करणारे बहुधा याच रानातले कुरुब आणि पिढीजात माहूत. पाहुण्यांसाठी मात्र उंचावर बैठकांची सोय असे.

या बैठकांवर बसलेल्या दांपत्यांत एक फार मोठे होते. १९०६च्या आरंभी वेल्सचे युवराज आणि युवराज्ञी म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडेयर यांचे पाहुणे म्हणून येथे आले, आणि त्यांच्यासाठी खेड्डा योजण्यात आला. पाचच वर्षांनी हेच पतिपत्नी सम्राट पंचम जॉर्ज आणि सम्राज्ञी मेरी म्हणून मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्याचे स्मारक म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. गेटवेपुढे फोटो काढणाऱ्या मराठी माणसाने, ज्यांच्यासाठी ही कमान उभारली त्यांनी हत्तींचा तमाशा कोठे पाहिला होता, हे एकदा ध्यानात घ्यावे. पाहुण्यांच्या दृष्टीने ते रानटी निसर्गाचे दर्शन होते. वस्तुतः त्यातला प्रत्येक क्षण आधी ठरविलेला असे: कोणत्या दिवशी कळप नदीत उतरवायचा, कोणत्या काठाने, बैठकीपासून किती अंतरावर. स्टुडिओतल्या गाडीत आणि या बैठकीत फरक एवढाच की, येथे हत्ती खरे होते आणि मरणही खरे होते.

१९३५ मध्ये येथे दुसरे एक दांपत्य आले. हे अमेरिकन होते. रॉबर्ट फ्लाहर्टी हा 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ सालच्या मूकपटामुळे जगप्रसिद्ध झालेला दिग्दर्शक. त्याची पत्नी फ्रान्सिस ही त्याच्या कामातली पुरी भागीदार. लंडनच्या अलेक्झांडर कोर्डासाठी त्यांना किपलिंगच्या एका गोष्टीवर चित्रपट करावयाचा होता. ती गोष्ट आहे माहुताच्या एका चिमुरड्या पोराची, ज्याला कोणाही माणसाने न पाहिलेले हत्तींचे नृत्य पाहावयास मिळते. हे पतिपत्नी वर्षभराहून अधिक काळ म्हैसुरात राहिले. फ्रान्सिसने मुलींना लिहिलेली पत्रे पुढे १९३७ मध्ये 'एलिफंट डान्स' या नावाने प्रसिद्ध झाली. कोठे जावे आणि किती दिवस राहावे, याचा विचार करणाऱ्या प्रवाशांनी ती अवश्य चाळावीत. सहा दिवसांत नऊ शहरे पाहणाऱ्यांना त्यांतून काही शिकता येईल.

नायकाचा शोध फार दूर न्यावा लागला नाही. महाराजांच्या हत्तीखान्यात अकरा वर्षांचा एक पोर सापडला. २७ जानेवारी १९२४ रोजी कारापुरात जन्मलेला हा साबू. बाप महाराजांच्या पदरी माहूत. आईबाप दोघेही लवकर गेलेले. पोर हत्तींच्या पायांशी वाढलेले. ऐरावत नावाच्या महाकाय हत्तीबरोबर त्याने जे काम केले, तो अभिनय म्हणावा की नाही, असा प्रश्न पडतो. तो आपले रोजचे जिणेच यंत्रापुढे जगत होता. १९३६ मध्ये थोरल्या भावासह तो लंडनला गेला. उरलेली दृश्ये तेथील स्टुडिओत, नकली झुडपांत चित्रित झाली, आणि १९३७ मध्ये 'एलिफंट बॉय' पडद्यावर आला. व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक त्याला मिळाले. कोंडवाड्यातून बाहेर पडलेला हत्ती परत रानात जात नाही. हा मुलगाही कारापूरच्या जिण्यात परत आला नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते, पण ती सुखाची आहे असे म्हणवत नाही. 'द ड्रम', 'द थीफ ऑफ बगदाद', आणि १९४२ मध्ये 'जंगल बुक'. या शेवटच्या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसच्या बाहेर एका तळ्याकाठी कृत्रिम अरण्य उभारले होते. खऱ्या अरण्यातून आणलेला पोर नकली वेलींना लोंबकळला आणि जगाने टाळ्या वाजविल्या. १९४४ मध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. सर्वसाधारण भारतीयास तो दरवाजा १९४६च्या कायद्याने उघडला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घटनेचे अप्रूप कळेल. युद्धात बॉम्बफेकी विमानावर तोफची म्हणून त्याने पॅसिफिकमध्ये मोहिमा केल्या आणि शौर्यपदक मिळविले. परंतु युद्धाहून परतलेल्या या वीरास चित्रपटांत काम मिळे ते पुन्हा कमरेच्या वस्त्रातलेच. डोक्याला मुंडासे, खांद्यावर माकड, तोंडी मोडके इंग्रजी. १९५२ मध्ये तर तो लंडनच्या एका सर्कशीत हत्तींचे खेळ करीत होता. मेहबूब खान यांनी 'मदर इंडिया'तील बिरजूच्या भूमिकेसाठी त्याचा विचार केला होता, पण परवान्याच्या अडचणीमुळे तो योग जुळला नाही, असे सांगतात.

येथे मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉनची आठवण होते. तिचाही तारा त्याच पदपथावर आहे. ती जन्मभर आपले जन्मस्थान टास्मानिया म्हणून सांगत राहिली, कारण हिंदुस्थानी रक्त उघड झाले असते तर नायिकेचे काम गेले असते. साबूचे उलट. त्याचे मूळ हाच त्याचा माल होता. ते त्याला कधी झाकता आले नाही आणि त्याच्यापलीकडेही कधी जाता आले नाही. दोघांनाही त्या शहराने जे दिले, त्याची किंमत पुरेपूर वसूल करून घेतली. १९४८ मध्ये त्याने मरिलिन कूपर या अभिनेत्रीशी विवाह केला, दोन मुले झाली. लॉस एंजेलिसच्या चॅट्सवर्थ भागातल्या घरी, २ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्याचा अंत झाला. हॉलिवुड हिल्समधल्या स्मशानभूमीत त्याला पुरले आहे.

काकनकोट्यात शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. दुसऱ्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९७७ मध्ये हत्तीला त्या कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण लाभले. दरम्यान १९७४ मध्ये बीचनहळ्ळीजवळ कबिनीवरचे धरण पुरे झाले. सखल रान, शेते, खेडी पाण्याखाली गेली. ज्या पात्रातून कळप रेटीत, तेथे जलाशय पसरला. त्याच्या एका बाजूस नागरहोळेचे आणि दुसऱ्या बाजूस बंडीपूरचे राष्ट्रीय उद्यान आहे. कुरुबांची कित्येक कुटुंबे रानाबाहेर वसविली गेली आणि बैठकांवरून पाहणाऱ्या पाहुण्यांचे वारस आता उघड्या जीपगाड्यांतून आणि नावांतून पाहतात. कर्नाटक शासनाने १९८०च्या सुमारास स्थापन केलेल्या कंपनीचे विश्रामस्थान कारापुरातच आहे. महाराजांच्या काळच्या शिकारी बंगल्यांत नवविवाहित जोडपी येऊन राहतात.

मार्चपासून पाणी ओसरू लागते. उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि दोन्ही रानांतले हत्ती त्यावर उतरतात. आशियाई हत्तींचे एवढे मोठे एकत्र येणे जगात फार थोड्या ठिकाणी घडते. त्यांना कोणी हाकारीत नाही. संध्याकाळी माद्या पिलांना मध्ये घेऊन पाण्यापर्यंत जातात, सोंडेने गवताची जुडी उपटून पायावर झटकतात, माती झाडून तोंडात घालतात. अंधार पडू लागला की नावाडी नाव काठाकडे वळवितो. त्या सुमारास ते अजून चरतच असतात.