तोंडाचे अस्तर



शेरवानीला असते तसे अस्तर आपल्या तोंडाला आणि आतड्यालाही असते. शेजारशेजारच्या पेशी जणू प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. त्यांचीच अभिस्तर ऊती बनते. आतड्यात पेशींचा एकच थर असतो. तोंडात घर्षण अधिक, म्हणून तेथे थरावर थर असतात.

सुपारी-गुटख्याने या अस्तराखालचा भाग ताठर होतो, तोंड उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचाही धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण मुलांचे खिसे पाहणे पालकांच्याच हाती आहे.

तिखट झोंबू लागले, पांढरा चट्टा दिसला, तर लाजू नका. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे दाखवा. आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही. म्हणून पहिली पुडीच नको!