तान्ह्या बाळाचा जमाखर्च



बी. ए.ला अर्थशास्त्र घेतले आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत आकड्यांशी संसार केला, एवढाच आमचा या विषयातील अधिकार. तरीही सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरविण्यापूर्वी एका विदुषीच्या कार्याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

जॅनेट करी यांचे शिक्षण टोरांटो व प्रिन्स्टन विद्यापीठांत झाले. १९८८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. लॉस एंजेलिस, एम. आय. टी. व कोलंबिया येथे अध्यापन करून २०११ साली त्या प्रिन्स्टनला परतल्या. या साऱ्या प्रवासात त्यांचा प्रश्न मात्र एकच राहिला : गरिबी मुलाच्या देहात केव्हा आणि कोणत्या वाटेने शिरते?

अमेरिकेत गरीब बालकांसाठी १९६५ पासून ‘हेड स्टार्ट’ या नावाने बालवाड्या चालतात. त्यांचा लाभ मोजण्यासाठी करी व डंकन टॉमस यांनी एकाच घरातील भावंडांची तुलना केली. एक बालवाडीत गेलेले, दुसरे न गेलेले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लाभ दिसला. पण कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतील वाढ लवकर विरली, हेही त्यांनी लपविले नाही.

रीड वॉकर यांच्यासमवेतचे २०११ सालचे संशोधन तर अधिकच विचारप्रवर्तक. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यावर न थांबता पथकर भरण्याची सोय झाली आणि तेथील धूर घटला. महामार्गालगतच, पण नाक्यापासून दूर राहणाऱ्या मातांच्या तुलनेत, दोन किलोमीटरांच्या आतील मातांची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे सुमारे ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळे सुमारे १२ टक्क्यांनी घटली.

आपल्याकडेही २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. वेळ वाचला, इंधन वाचले, असे आपण म्हणालो. नाक्याशेजारच्या झोपडीतील बाळाचे वजन आपल्या हिशेबात आले होते काय?

निधीतून दहावीच्या गुणवंतांना पारितोषिके द्यावीत, असा सूर आहे. ती अवश्य द्यावीत. परंतु जन्मापूर्वीच मागे पडलेले मूल त्या यादीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून निम्मा निधी आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनींच्या गरोदरपणातील तपासणीसाठी व पोषणासाठी राखावा, अशी आमची विनंती आहे. त्या मराठी नाहीत, हे खरे. पण या परमुलखात आपले संसार उभे राहिले, ते त्यांच्याही हातांवर.