बेचिराग गावांतले दिवे



मी पेशाने होमिओपॅथ. चाळीस वर्षे दवाखान्यात बसलो, इतिहास वाचला तो दोन रुग्णांच्या मधल्या वेळात. तेव्हा आज एका शब्दापासून सुरुवात करतो.

‘बेचिराख’ म्हटले की आपल्याला राख दिसते. मूळ फारसी शब्द मात्र ‘बेचिराग’, म्हणजे दिवा नसलेले. ज्या गावात तिन्हीसांजेला एकाही घरी दिवा लागत नाही, ते बेचिराग. 1817 साली माळव्यात होळकरांची 3,701 गावे होती आणि त्यांतली 1,663 बेचिराग होती, अशी नोंद जॉन माल्कमने केली आहे. आपण इंदूरकर ज्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याच मातीची ही नोंद.

दिवे कोणी विझवले? पेंढाऱ्यांनी, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे, पण अर्धे. 1811 साली भानपुऱ्याला यशवंतराव होळकर गेले. मागे मोठी फौज उरली. मोहिमा थांबल्या, पगार थकले. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. तिथे काही मिळाले नाही की रयतेच्या कणगीकडे वळत, नाहीतर पेंढाऱ्यांत सामील होत. 20 डिसेंबर 1817 च्या रात्री तुळसाबाईंना शिप्रेकाठी मारले ते शत्रूने नव्हे, आपल्याच फौजेतल्या सरदारांनी. दुसऱ्या दिवशी महिदपूरची लढाई झाली. 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला. त्यात ठरले की जास्तीची फौज मोडायची आणि 3,000 स्वार तेवढे तयार ठेवायचे.

आता विचार करा. तहाच्या कागदावर सही झाली, पण मोकळा झालेला स्वार त्या रात्री कुठे गेला असेल? हाती भाला, खाली घोडा, अंगात दुसरे कसब नाही, आणि गावी नांगर धरायला घर उरलेले नाही.

बंदोबस्त आधी बळानेच झाला, हे लपवत नाही. कंपनीने लाखावर फौज मैदानात उतरवली होती. पण नुसत्या बळाने फौजा पांगतात, माणसे घरी बसत नाहीत. पुढचे काम वेगळ्या रीतीने झाले. अमीरखानाशी नोव्हेंबर 1817 मध्येच करार झाला होता. त्याने फौज मोडायची, तोफा किंमत घेऊन द्यायच्या आणि टोंकचे राज्य सांभाळायचे. पेंढारी करीमखान फेब्रुवारी 1818 मध्ये शरण आला. त्याला दूर गोरखपुराकडे जमीन दिली. चितूचा मात्र कोणावर विश्वास बसला नाही. तो रानोमाळ भटकला आणि 1819 साली जंगलात वाघाने त्याला मारले. डोंगरात राहून गावांवर तनखा उकळणारे गिरासिया ठाकूर होते. त्यांची रक्कम ठरवून दिली. ती सरकारातून मिळायची, त्यांनी स्वतः वसुलीला उतरायचे नाही आणि मुलखात उपद्रव करायचा नाही. पुढे 1825 साली खानदेशात औट्रमने भिल्लांची पलटण उभारली. ज्यांच्या भीतीने वाट बंद पडायची, त्यांच्याच हाती वाटेची राखण आली.

इकडे इंदुरात दिवाण तात्या जोगांनी राज्याची घडी बसवायला घेतली. बेचिराग गावांपैकी 1818 मध्ये 269 वसली, 1819 मध्ये 343, 1820 मध्ये 508. बेरीज करून पाहा. तीन वर्षांत 1,120 गावांत पुन्हा दिवा लागला.

आमच्या शास्त्रात मानतात की अंगावरचे पुरळ मलमाने दडपले म्हणजे रोग गेला असे नव्हे. माळव्याच्या बाबतीत मला तेच दिसते. मोडलेली फौज हे दडपलेले पुरळ होते.

पण एक गोष्ट मला आजही टोचते. आमच्या जैन घरांत पर्युषण संपले की क्षमावणी असते. ज्याला दुखावले त्याच्यासमोर जाऊन क्षमा मागायची असते. करीमखानाला क्षमा मिळाली, जमीनही मिळाली. ती दिली कंपनीने. ज्यांची घरे जळली त्या गावकऱ्यांना कोणी विचारले? त्यांच्या वाट्याला शांतता आली, न्याय आला असे मला म्हणवत नाही. तरीही त्या काळी मी तिथे असतो तर जमीन द्या असेच म्हटले असते. घरात पुन्हा चूल पेटणे ही तेव्हाची पहिली गरज होती.

हे दोनशे वर्षांपूर्वीचे झाले. गेल्या वर्षी एक गृहस्थ झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आले. सतरा वर्षे सैन्यात होते, आता एका इमारतीच्या फाटकावर रखवालीला असतात. पेन्शन वेळेवर येते. मी विचारले, मग त्रास कसला? म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तिथे माझ्या शब्दावर तीस माणसे उठायची. इथे गाडीवाले हॉर्न वाजवतात, मान वळवूनही बघत नाहीत.”

मी औषध दिले. पण त्यांच्या दुखण्याचा मोठा भाग माझ्या पुडीत मावणारा नव्हता. पुढच्या खेपेला मी त्यांना आमच्या कॉलनीतल्या मुलांना रोज पहाटे कवायत शिकवायला सांगितले. ते येतात. मुले त्यांना ‘सर’ म्हणतात.

तुमच्या फाटकावरही असे कोणी उभे असेल. आज घरी जाताना गाडीची काच खाली करून त्यांना राम राम घाला, आणि ते कोणत्या पलटणीत होते ते विचारा.