ज्वारीच्या मुळावरचा पिवळा थेंब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



तणनाशक आपण दुकानातून पैसे मोजून आणतो. तसलंच काम करणारा एक पदार्थ आपल्या ज्वारीच्या मुळातून फुकट पाझरतो, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्वारीचे दाणे आठवडाभर ओल्या फडक्यात ठेवा. फडकं चिंब नको, नुसतं ओलसर. मग मुळावरची बारीक लव भिंगातून बघा. सोनेरी पिवळे थेंब दिसतील. १९८६ साली अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याला सॉर्गोलिओन नाव दिलं. हा क्विनोन जातीचा पदार्थ.

आता त्याची करणी ऐका. पानात ऊन पाण्याची फोड करतं आणि विजेचे कण सुटतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. ते पुढे वाहून न्यायला झाडाचा स्वतःचा एक क्विनोन असतो. त्याला बैलगाडी समजा. रिकामी गाडी धक्क्याला लागते, दोन इलेक्ट्रॉन भरून निघते, लगेच दुसरी लागते. हा धक्का म्हणजे डी-१ नावाच्या प्रथिनातली एक खोबण. सॉर्गोलिओनचा तोंडवळा त्याच जातीचा, म्हणून तो तिथे जाऊन बसतो. माल भरत नाही आणि जागाही सोडत नाही. मागच्या गाड्या खोळंबतात. ऊन मात्र येतच राहतं, त्याला वाट मिळत नाही, आणि तेच पान जाळतं. रोप उपासानं मरायच्या आधी उन्हानं करपतं.

ॲट्राझीन, डाययुरॉन ही क्विनोन नव्हेत, पण धक्का तोच अडवतात. ज्वारी ॲट्राझीनला आपल्या अंगात निकामी करते, पऱ्हाटीला ते जमत नाही. मी एकदा ज्वारीत वापरलेला पंप नीट न धुता पऱ्हाटीवर कीडनाशक मारलं. पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून युरिया टाकला. धक्काच अडलेला, युरिया काय करणार? खर्च दुप्पट झाला.

१९७० साली वॉशिंग्टन राज्यातून बातमी आली, याच जातीच्या औषधाला एक तण दाद देईना. पुढे १९८३ साली माठाच्या कुळातल्या तणात कारण सापडलं : त्या प्रथिनाच्या माळेतला २६४ वा मणी बदललेला. एकच मणी! दरसाल तेच औषध मारणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

आणि ज्वारी पेरली की निंदण वाचलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सॉर्गोलिओन तेलकट आहे, मुळातून पानापर्यंत चढत नाही. जमिनीतून नुकत्या वर येणाऱ्या कोवळ्या तणाला तो झोंबतो. वीतभर वाढलेल्या तणाला डवरा आणि खुरपंच लागतं.

पुढच्या बैठकीला ते ओलं फडकं घेऊन या. भिंग मी आणतो.