भरवसा कशाचा?
(न्यासाच्या महोत्सवानिमित्त रामघाट, उज्जैन येथे दिलेले भाषण)



सिंहस्थात या रामघाटावर लाखो माणसे क्षिप्रास्नानाला येतात. सावकार असो वा भिक्षेकरी, पाण्यात उतरताना पैशाची पिशवी काठावरच ठेवावी लागते. एका मुसलमान शिक्षकाने येथे ख्रिस्ती धर्मातील गोष्ट सांगावी, याचे कोणास नवल वाटेल. परंतु पैशावर विसंबावे की परमेश्वरावर, हा प्रश्न आपणां सर्वांचाच आहे.

येशू ख्रिस्तांनी एका धनवान शेतकऱ्याची कथा सांगितली आहे. पीक अमाप आले, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा त्याने बेत केला. आता पुष्कळ वर्षांची चिंता मिटली, असे तो मनाशी म्हणाला. त्याच रात्री त्याला वरचे बोलावणे आले. धान्य साठवणे हा त्याचा अपराध नव्हता. कोठारालाच त्याने आपला पाठीराखा मानले, ही त्याची चूक.

हा उपदेश आचरणात कसा येतो, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांनी लहानपणी दुष्काळ भोगला होता. १८७४ च्या सुमारास आईवडील उपासमारीने गेले. पुढे १८८३ त त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८८९ त मुंबईस शारदा सदन काढले. अमेरिकेतील मित्रमंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. त्या वचनाची मुदत संपत आली असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. एवढ्यांना कायम पोसण्याइतका निधी गाठीला नव्हता. तरी आधी माणूस वाचवावा, पुढची तजवीज परमेश्वर करील, असे त्यांनी ठरविले. १९०० च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

पण बाई हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकविले, छापखाना चालविला. आमच्याकडे याला तवक्कुल म्हणतात. उंटाला आधी नीट बांधावे आणि मग अल्लावर हवाला ठेवावा, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण सांगतात. हिशेब चोख ठेवावा, मात्र मनाचा आधार हिशेबाच्या वहीवर ठेवू नये.

आता थोडे आपल्या घरचे बोलतो. न्यासाच्या ठेवी वाढल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि शाळा उघडताना फीसाठी अर्ज येतात आणि यंदाचे व्याज संपले म्हणून त्यांतले काही परत जातात. मग माझ्या वर्गातला एखादा बाक रिकामा राहतो, आणि त्यावरचा मुलगा बाजारात हातगाडी ढकलताना दिसतो. मुद्दल सुरक्षित राहिले. मुलाचे वर्ष मात्र गेले.

मुद्दल मोडा, असे मी म्हणत नाही. या महोत्सवी वर्षात एवढाच ठराव करावा की, पैसा नाही म्हणून एकही विद्यार्थी परत जाणार नाही. व्याज अपुरे पडले तर आपण घरोघर फिरून भर घालू. घरोघरी जाऊन मागण्यात कमीपणा नाही; या न्यासाच्या संस्थापकांनीही रिकाम्या पेटीनेच आरंभ केला असेल.

ती हिंमत परमेश्वर आपणांस देवो.